धरणाचे पाणी, नदीतील मासा आणि आपला हिशेब

मानपाड्याच्या कारखान्यात नळाला येणारे पाणी कोठून येते, याचा विचार आपले व्यापारी व कारागीर बंधू सहसा करीत नाहीत. औद्योगिक विकास महामंडळाच्या बारवी धरणातून सोडलेले पाणी नदीपात्रातून खाली येते, जांभूळ येथे शुद्ध होते आणि डोंबिवलीच्या उद्योगांना मिळते. बारवी ज्या उल्हासला मिळते, त्या उल्हासमध्ये घाटावरचे पाणीही येते. इंद्रायणीची उपनदी आंध्रा हिच्यावर ठोकरवाडी धरण आहे. त्याचे पाणी १९२२ पासून भिवपुरीच्या वीजगृहात उतरते व वीज देऊन उल्हासमध्ये जाते. एका नदीला उन्हाळ्यात जादा पाणी मिळते, तर दुसरीचे तेवढेच घटते.

माशाच्या दृष्टीने पाणी किती, एवढाच प्रश्न नसतो. ते कधी आणि कसे सोडले, हेही महत्त्वाचे असते. सणाचा माल सण सरल्यावर आला तर गोदाम भरते, गल्ला भरत नाही. तसेच हे होय. घाटावरच्या नद्यांतील महाशीर पावसाळ्यात वाहत्या, स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. ती तळाच्या गोट्यांत तीन-चार दिवस राहून फुटतात. तेवढ्यात पाणी एकदम उतरले तर काठची अंडी सुकतात. एकदम चढले तर वाहून जातात. विजेच्या मागणीप्रमाणे यंत्रे चालू-बंद होतात, तेव्हा खालच्या पात्रात असा चढउतार एका दिवसातही होतो. शिवाय खोल जलाशयाच्या तळाचे पाणी थंड व प्राणवायूने कमी असू शकते.

याचा अभ्यास वहीखात्याप्रमाणेच करतात. धरणातून तासातासाला किती पाणी सुटले ते लिहायचे. खाली ठरलेल्या जागी खोली, वेग, तापमान व प्राणवायू मोजायचा. त्याच जागी, त्याच महिन्यात मासे व पिल्ले मोजायची. मग धरण नसलेल्या ओढ्याशी ताळा जुळवायचा. एका वर्षाच्या आकड्यावर निकाल देता येत नाही, कारण पाऊस दरवर्षी सारखा नसतो.

अमेरिकेत कोलोरॅडो नदीवरील ग्लेन कॅन्यन धरणातून १९९६ मध्ये सात दिवस मुद्दाम मोठे पाणी सोडण्यात आले. वाळूचे काठ व दुर्मिळ स्थानिक माशांच्या आसऱ्याच्या जागा पुन्हा तयार व्हाव्यात, हा हेतू होता. काठ तयार झाले, पण पुढे बरेच वाहूनही गेले. म्हणून प्रयोग व मोजणी पुन्हा पुन्हा करावी लागली.

आपल्याकडे लोणावळ्याच्या वळवण केंद्रात टाटांनी १९७० च्या दशकापासून महाशीरची पिल्ले वाढवली. काम मोलाचे आहे. पण पिल्लू सोडायला नदी योग्य नसेल, तर दुकान नसताना माल भरल्यासारखे होईल.

राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१७ मध्ये नद्यांत कोरड्या ऋतूतील सरासरी प्रवाहाच्या १५ ते २० टक्के पाणी राखण्यास सांगितले. हा आकडा पाळला जातो की नाही, हे मोजणीशिवाय कळणार नाही. २०१५-१६ च्या टंचाईत आपल्या पट्ट्याने पाणीकपात सोसली आहे. तेव्हा पाण्याची मागणी करताना आमच्या व्यापारी संघटनांनी विसर्गाचे रोजचे आकडेही जाहीर करण्यास सांगावे. आपले नळ आणि नदीतील मासा, दोघांचाही हिशेब त्याच आकड्यांत आहे.