केळीच्या भावात टगचे दहा पैसे

सावदा-रावेरकडून निघालेला केळीचा रीफर, म्हणजे शीत कंटेनर जळगाव, धुळे, मालेगाव, नाशिक करत कसारा घाट उतरतो आणि न्हावाशेवा बंदरात पोचतो. तोवर निर्यातदाराच्या वहीत बराच खर्च लिहून झालेला असतो. कटाई, फण्या धुणे, खोकी, पॅकिंग, प्री-कूलिंग, ट्रेलरचे भाडे, वाटेत कंटेनर थंड ठेवणाऱ्या जनरेटरचे डिझेल. एक खर्च मात्र त्या वहीत सापडत नाही. हा कंटेनर ज्या जहाजावर चढणार, त्या जहाजाला धक्क्याला लावणाऱ्या टगचा. तो कुणीतरी भरतच असतो, आणि फिरून तो केळीच्या भावातूनच वसूल होतो. २०१६ साली जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळाले, २०२१ मध्ये तांदलवाडीची मानांकित केळी दुबईला गेली. ज्यांचा माल समुद्रापार जातो, त्यांना बंदरावरचा हा व्यवहार कळायला हवा, असे मला मनापासून वाटते.

आधी टग लागतो कशाला, ते पाहू. अडीच-तीनशे मीटर लांबीचे जहाज भर समुद्रात स्वतःच्या सुकाणूवर वळते, कारण सुकाणूवरून पाणी जोरात वाहत असते. धक्क्याजवळ वेग अगदी कमी करावा लागतो. मग सुकाणू जवळजवळ निरुपयोगी होते. वर कंटेनरांची थप्पी उंच रचलेली, तिच्यावर बाजूचा वारा आदळतो आणि अख्खे जहाज सरकू लागते. अशा वेळी साधारण तीसेक मीटर लांबीचा, पण इंजिनाने दांडगा असा टग जहाजाला रेटतो किंवा ओढून धरतो. त्याचे पंखे पूर्ण गोल फिरतात, त्यामुळे तो हव्या त्या दिशेला जोर लावू शकतो. हा जोर टनांत मोजतात. टगचा दोर किनाऱ्यावरच्या खुंट्याला बांधून पूर्ण ताकदीने ओढायला लावतात आणि मधल्या मापकावर आकडा पाहतात. त्याला बोलार्ड पुल म्हणतात. मोठ्या बंदरांत ५०-६० टनांचे टग सर्रास असतात.

काम कसे चालते? बंदराचा पायलट लाँचने जाऊन दोरशिडीने जहाजावर चढतो आणि कप्तानाशेजारी उभा राहतो. टग जवळ आला की जहाजावरचा खलाशी टोकाला वजन असलेली बारीक दोरी खाली फेकतो. टगवरचा खलाशी तिला आपला जाड दोर अडकवतो. दोर वर खेचला जातो, त्याचा फासा जहाजाच्या खुंट्यावर बसतो. एक टग पुढे, एक मागे. जहाज मोठे असेल किंवा वारा असेल तर आणखी एक-दोन. मग पायलट वायरलेसवर एकेका टगला सांगत राहतो: रेट, थांब, हळू ओढ. ताणलेला दोर तुटला तर वाटेत येणाऱ्या माणसाची धडगत नाही, म्हणून दोर ताणला असताना डेकवर कुणी उभे राहायचे नाही, असा दंडक आहे.

आता भाड्याने घेण्याची गोष्ट. घाटात ट्रक बंद पडला की क्रेनवाला येतो, टोचनचे पैसे ठरतात, घासाघीस होते. बंदरात तसे होत नाही. जहाज यायच्या कितीतरी आधी जहाज कंपनीचा स्थानिक एजंट बंदराकडे ऑनलाइन नोंद करतो. जहाजाचे नाव, लांबी, पाण्याखाली किती बुडते ते, टनेज, कोणत्या टर्मिनलला लागायचे, हे सगळे त्यात येते. त्या फेरीला स्वतःचा क्रमांक मिळतो आणि अंदाजे शुल्काची रक्कम एजंटला आगाऊ जमा ठेवावी लागते. जहाजे कोणत्या क्रमाने आत घ्यायची ते बंदराचे लोक आणि एजंट मिळून ठरवतात, आणि त्यानुसार पायलट व टग नेमले जातात. किती टग लागतील हे जहाजमालक सांगत नाही. ते बंदराचा सागरी विभाग आणि पायलट ठरवतात.

आणि दर? भारतातल्या मोठ्या सरकारी बंदरांत टगचे बिल सहसा वेगळे येतच नाही. १९०८च्या बंदर कायद्यापासून ठरावीक टनेजच्या वरच्या जहाजांना अशा बंदरांत पायलट घेणे सक्तीचे आहे, आणि पायलटेजच्या शुल्कातच एकदा आत येणे, एकदा बाहेर जाणे आणि त्यासाठी लागतील तेवढे टग धरलेले असतात. शुल्क मोजायचे ते जहाजाच्या ग्रॉस टनेजवर. हे टन वजनाचे नव्हेत. जहाजाच्या बंदिस्त जागेचे आकारमान सूत्रात घालून काढलेला तो आकडा असतो, म्हणून रिकामे आलेले जहाज आणि भरून आलेले जहाज तेवढेच शुल्क देते. अनेक बंदरांत ३० हजार टनांपर्यंत एक दर, ३० ते ६० हजारांत दुसरा, त्यापुढे तिसरा अशी रचना आहे. परदेशी फेरीच्या जहाजांचा दर डॉलरमध्ये छापलेला असतो, वसुली रुपयांत होते. किनाऱ्याकिनाऱ्याने माल नेणाऱ्या बहुतेक देशी जहाजांना परदेशी फेरीच्या दराच्या ६० टक्क्यांहून जास्त आकारता येत नाही. हे दर पूर्वी १९९७ मध्ये नेमलेले केंद्रीय प्राधिकरण ठरवून देई. २०२१च्या कायद्याने बंदरांच्या मंडळांनाच तो अधिकार मिळाला, आणि न्हावाशेव्याचा बंदर ट्रस्ट जवाहरलाल नेहरू पोर्ट ऑथॉरिटी झाला.

या पद्धतीचा एक फायदा मला फार महत्त्वाचा वाटतो. शांत हवेत दोन टग लागले काय किंवा पावसाळी वाऱ्यात चार लागले काय, जहाजाचे बिल तेच राहते. त्यामुळे पैसे वाचवायला एक टग कमी करा, असा दबाव कप्तानावर येत नाही. ब्रिटन आणि युरोपातल्या बऱ्याच बंदरांत टग खाजगी कंपन्यांचे असतात आणि जहाज कंपनी त्यांच्याशी वेगळा करार करते. ब्रिटनच्या प्रचलित टग करारात तर एक कलम असे आहे की काम चालू असताना टगवरची माणसे जहाजमालकाचीच नोकर मानली जातात. त्यांच्या हातून चूक झाली, तरी भरपाईचा बोजा टगमालकावर येत नाही, जहाजावर येतो. पहिल्यांदा वाचताना हे उलटे वाटते. पण छोट्या टगच्या मालकाने प्रचंड जहाजाच्या नुकसानीची जबाबदारी घ्यायची ठरवली, तर त्याचा विमाच त्याला बुडवेल. त्यामुळे मोठ्या विम्याच्या माणसाने जोखीम उचलायची, असा तो हिशेब आहे.

बंदराला मात्र टगचे पैसे दुसऱ्या बाजूने मोजावे लागतात. काही टग बंदराच्या मालकीचे असतात, बाकीचे निविदा काढून काही वर्षांच्या करारावर घेतलेले. ओशन स्पार्कल, पोलस्टार अशा कंपन्या या धंद्यात आहेत. येथे भाडे फेरीवर ठरत नाही, दिवसावर ठरते. माणसांसह टग चोवीस तास हजर ठेवायचा. डिझेल कुणाचे ते करारात लिहिलेले असते. टग नादुरुस्त राहिला तर त्या काळाचे भाडे कापले जाते आणि दंडही लागतो. म्हणजे बंदर मुख्यतः पैसे देते ते टगच्या तयारीचे. रात्री दोन वाजता जहाज आले आणि टग नसला, तर जहाज बाहेर नांगर टाकून बसणार, आणि त्याचा एकेक दिवस टगच्या भाड्याहून महाग पडणार. २०२४ मध्ये केंद्राने हरित, म्हणजे कमी प्रदूषण करणाऱ्या टगची योजना आणली. तिच्या पहिल्या टप्प्यातल्या चार बंदरांत न्हावाशेवाही आहे. हे टग महाग असतील, आणि तो खर्चही कधीतरी दरात उतरेल.

आता केळीवर किती बसते ते हिशेबासाठी पाहू. पुढचे आकडे फक्त समजण्यासाठी धरलेले आहेत. समजा एका जहाजाचे पायलट-टगचे बिल २० लाख रुपये झाले आणि त्या फेरीत न्हावाशेव्याला १००० कंटेनर चढले-उतरले. कंटेनरमागे २००० रुपये पडले. चाळीस फुटी रीफरमध्ये साधारण २० टन केळी बसते. किलोमागे १० पैसे. जहाजाने त्याच फेरीत ५०० कंटेनर हाताळले असते, तर २० पैसे झाले असते, कारण शुल्क जहाजाच्या आकारावर आहे, मालावर नाही. अर्धे रिकामे जहाज म्हणूनच महाग पडते.

या ठरलेल्या रकमेच्या बाहेरही काही आकार असतात. पायलट मागवून ऐनवेळी रद्द केला, जहाज तयार नाही म्हणून पायलटला ताटकळत ठेवले, जहाजाने स्वतःच्या सोयीसाठी एका धक्क्यावरून दुसऱ्यावर जायचे म्हटले, तर पैसे वेगळे लागतात. बंदराच्या सोयीसाठी हलवले, तर त्याचे पैसे पायलटेजमध्येच येतात. इंजिन बंद पडलेल्या जहाजाला हलवणे, ज्याला बंदरात कोल्ड मूव्ह म्हणतात, तेही महाग, कारण सगळा जोर टगने लावायचा असतो. वाद होऊ नये म्हणून पायलटच्या कागदावर कामाची सुरुवात आणि शेवट यांच्या वेळा लिहितात आणि कप्तानाची सही घेतात. एजंट पुढे सगळ्या खर्चाचा हिशेब करून जहाज कंपनीला पाठवतो. जहाज ठरावीक मुदतीसाठी भाड्याने घेतलेले असेल, तर बंदराचे खर्च भाडेकरू कंपनी भरते, मूळ मालक नव्हे.

निर्यातदारापर्यंत हे सगळे सागरी भाड्याच्या एका आकड्यात गुंडाळून येते. टर्मिनल हँडलिंगचा आकार त्याला वेगळा दिसतो, पण त्यात टग नसतो. तो कंटेनर क्रेनने उचलण्या-ठेवण्याचा खर्च आहे. सौदा एफओबीचा असेल, तर सागरी भाडे दुबईचा खरेदीदार भरतो, म्हणजे न्हावाशेव्याच्या टगचा वाटाही त्याच्याकडे जातो. सीआयएफचा सौदा असेल, तर भाडे निर्यातदाराचे, आणि त्या भाड्यात इथल्या टगबरोबर दुबईच्या जेबेल अली बंदरात जहाज धक्क्याला लावणाऱ्या टगचेही पैसे असतात. केळीचा भाव डॉलरमध्ये सांगताना यातला कोणता सौदा आहे, ते आधी विचारून घ्यावे.