आधी गड, मग विहार

हडपसरच्या माणसाला रविवारी डोंगराची आठवण झाली की त्याची पावले सहसा दिवेघाटाकडे, बोपगावच्या कानिफनाथाकडे किंवा फार तर सासवडच्या बाजूला वळतात. परंतु कातळात कोरलेली आणि भिक्षूंनी पिढ्यान्‌पिढ्या राहून वापरलेली मठवस्ती पाहावयाची असेल, तर त्याला सारे शहर ओलांडून पश्चिमेस मावळात गेले पाहिजे. कार्ले, भाजे आणि बेडसे ही तिन्ही लेणी तेथे जवळजवळ आहेत. त्यांपैकी भाज्याची सोय विशेष अशी की, माळवलीचे रेल्वे स्थानक पायथ्यापासून चालत जाण्याजोगे आहे आणि पाठीशी लोहगड उभा आहे, त्यामुळे कोणाही सहल कंपनीच्या स्वाधीन न होता एकाच दिवसात डोंगर चढण्याचे सुख आणि विहार पाहण्याचे समाधान ही दोन्ही पदरात पडतात.

मात्र या सहलीची आखणी करताना बहुतेक मंडळी एक गोष्ट हिशेबात घेत नाहीत, आणि ती म्हणजे ऊन. भाजे वाटेवरच लागते म्हणून सकाळी घाईघाईने लेणी उरकायची आणि मग भर दुपारी लोहगडाचा चढ अंगावर घ्यायचा, असा सर्रास क्रम असतो. वास्तविक भाज्याचे चैत्यगृह पश्चिमाभिमुख असल्यामुळे सकाळी तेथे नुसती सावली असते, आणि उतरत्या दुपारी ऊन आत शिरू लागले म्हणजे मगच खांब, कमानी आणि स्तूप यांचे घाट डोळ्यांत भरतात. सकाळच्या गारव्यात गड आणि दुपारनंतर विहार, हाच क्रम पायांना आणि डोळ्यांना सारखाच मानवणारा आहे.

त्यासाठी हडपसरच्या गाडीतळावरून पहाटेची बस धरून पुणे स्टेशन गाठावे आणि लोणावळ्याकडे जाणाऱ्या उजाडतानाच्या लोकलमध्ये बसावे. माळवली हे लोणावळ्याच्या अलीकडचेच स्थानक. कामशेत गेले की पिशव्या आवरून ठेवाव्यात. स्थानकातून बाहेर पडून द्रुतगती मार्गावरील पूल ओलांडला की भाजे गावाचा रस्ता लागतो आणि तेथून चढण सुरू होते. डावीकडे विसापूर आणि उजवीकडे लोहगड ठेवून त्या दोहोंमधल्या गायमुख खिंडीतून लोहगडवाडीला पोचेपर्यंत, बेताच्या चालीने, दोन-अडीच तास सहज जातात. पाणी माणशी निदान दोन लिटर घ्यावे. जेवणाची तजवीज बरोबर नसली तरी वाडीतल्या घरांतून पिठले-भाकरी मिळते, मात्र चढताना सांगून गेल्यास उतरल्यावर ताटकळावे लागत नाही.

गडाबद्दल थोडक्यात सांगतो. गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा या चार दरवाजांची नागमोडी वाट, माथ्यावर नाना फडणिसांच्या काळातले तळे आणि पश्चिमेस विंचवाच्या नांगीसारखी पुढे गेलेली विंचूकाट्याची सोंड, एवढे पाहिले तरी पुष्कळ झाले. 2025 साली युनेस्कोने जागतिक वारशात दाखल केलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांत लोहगड आहे, हे आता सर्वांना ठाऊक आहे. हडपसरकरांना आणखी एक धागा सापडेल: 25 ऑक्टोबर 1802 रोजी यशवंतराव होळकरांनी ज्या हडपसरच्या माळावर पेशवे आणि शिंदे यांच्या फौजांचा मोड केला, त्याच धामधुमीच्या काळात नानांच्या पश्चात त्यांच्या पत्नी जिऊबाई याच गडावर किल्लेदार धोंडोपंत नित्सुरे यांच्या आश्रयाने राहत होत्या.

दुपारी दोनच्या सुमारास गड सोडला म्हणजे भाजे गावात उतरून लेण्यांच्या पायऱ्या चढावयास पुरेसा अवधी राहतो. येथे एकंदर बावीस लेणी आहेत आणि त्यांचा आरंभ इ. स. पूर्व दुसऱ्या शतकातला. चैत्यगृहाला आज दर्शनी भिंतच नाही. एके काळी तेथे लाकडी पडदी होती आणि ती बसविण्यासाठी कातळात पाडलेल्या खाचा अद्याप दिसतात. आतले अष्टकोनी खांब ओळंब्यात नाहीत. ते किंचित आत कललेले आहेत, आणि हा कारागिराचा प्रमाद खास नव्हे. लाकडी इमारतीत छपराचा रेटा पेलण्यासाठी खांब असे कलते रोवीत. दगडात त्याची मुळीच गरज नव्हती, परंतु सुताराचे हे वळण पाथरवटाने इमानाने उचलले, इतके की वर दगडी छताला खऱ्या लाकडाच्या कमानीही बसविल्या. शेवटी स्तूप आहे तो अगदी निराभरण, कारण बुद्धमूर्ती घडविण्याची वहिवाट तेव्हा पडलेलीच नव्हती.

पुढे दक्षिणेकडे गेल्यावर चौदा लहानमोठ्या स्तूपांचा समूह दिसतो, काही कातळाच्या आडोशाला तर काही उघड्यावर. येथेच राहून निवर्तलेल्या स्थविरांची ही स्मारके असून त्यांवर धम्मगिरी, संघदिन अशी नावे कोरलेली आहेत. त्याच अंगाच्या शेवटच्या विहारात रथारूढ सूर्य आणि गजारूढ इंद्र म्हणून ओळखली जाणारी शिल्पे आहेत. ही ओळख सर्व पंडितांना मान्य नाही, आणि पाहणाऱ्याने त्या वादात न पडता हत्तीच्या सोंडेत उपटलेले झाड पाहावे. एरवीच्या विहारांत अलंकार असा नाहीच. लहान खोल्या आणि त्यांत दगडाचेच ओटे. भिक्षूंचे बिछाने ते हेच.

इतक्या वर माणसांचा निभाव कसा लागला, याचा दाखला टाक्यांपाशी मिळतो. एका टाक्यावरील लेख महारथी कोसिकीपुत विण्हुदत याने ते दान दिल्याचे सांगतो. म्हणजे येथे मूर्ती नव्हे, पाण्याची सोय हे पुण्यकर्म होते. समोरच्या कार्ल्याच्या लेखात तर नहपानाचा जावई उषवदात याने वलूरकाच्या, म्हणजे कार्ल्याच्याच, लेण्यांतील भिक्षूंच्या वर्षावासाच्या निर्वाहासाठी करजिक नावाचे गाव इनाम दिल्याची नोंद आहे. बौद्ध भिक्षू एरवी फिरत आणि पावसाळ्यात एका ठिकाणी मुक्काम करीत. या कोरड्या, उंच, पाण्याची टाकी जवळ असलेल्या खोल्या मुख्यतः त्या पावसाळी महिन्यांसाठी.

आपण मात्र नेमके त्याच महिन्यांत तेथे गर्दी करतो. धबधब्यांचे आकर्षण मी समजू शकतो. पण 1989 च्या जुलैत याच भाजे गावावर दरड कोसळून माणसे दगावली, हे विसरून चालणार नाही, आणि सुट्टीच्या दिवशी खिंडीतल्या वाहनांच्या रांगेत अर्धा दिवस घालविण्यात पुरुषार्थ तो कोणता? नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत बरा. फक्त तेव्हा सूर्य सहाच्या सुमारासच मावळतो, म्हणून लेण्यांतून पाचपर्यंत निघून माळवलीची वाट धरावी. जाण्याच्या गाडीपेक्षा परतीच्या गाडीची वेळ आधी पाहून ठेवावी, कारण लोकल विरळ आहेत आणि लांब पल्ल्याच्या गाड्या माळवलीला थांबत नाहीत.

त्याच दिवसात कार्लेही उरकावे असा मोह अनेकांना होतो. तो टाळावा. तेथल्या एकवीरा देवीच्या दर्शनाची रांग आणि कार्ल्याचे भव्य चैत्यगृह यांना स्वतंत्र दिवस दिलाच पाहिजे. बेडशाचा हिशेब तर अगदी उलट आहे: ते लेणे पूर्वाभिमुख, म्हणून तेथे जावयाचे असल्यास कामशेतला उतरून पवनानगरच्या रस्त्याने बेडसे गाव गाठावे आणि सूर्य डोक्यावर येण्यापूर्वी पायऱ्या चढून जावे.