वल्ह्याचा धंदा : आधी शिका, मग गुंतवा

वऱ्हाडातील तरुणांना समुद्र दूर. पण कयाकचा धंदा शिकायचा तर मालवण तालुक्यातील देवबाग गाठावे. तेथे कर्ली नदी समुद्राला मिळते. नवशिक्याने खाडीच्या शांत पाण्यातच वल्हे धरावे. पॅडलबोर्डवर आधी गुडघ्यांवर तोल साधावा. वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहत असेल किंवा ओहोटी जोरात असेल तर उतरू नये.

कयाकला इंधन लागत नाही, खर्च वाचतो. मात्र मोर्शीजवळील अप्पर वर्धा अमरावतीला, तर महानचे काटेपूर्णा धरण अकोल्याला पिण्याचे पाणी देते. म्हणून जलसंपदा खात्याच्या, आणि काटेपूर्णा अभयारण्यात वनखात्याच्याही, लेखी परवानगीशिवाय एक रुपयाही गुंतवू नये.

जीवरक्षक जाकिटाशिवाय कोणालाही बसवू नये. ग्राहकाचा जीव अमानत आहे. खयानतीच्या नफ्यात बरकत नसते.