बाजारची बुत्ती

पुण्याकडं दहीबुत्ती म्हटलं की दहीभात. आमच्या अळणावर-धारवाड भागात बुत्ती या शब्दाचा अर्थ त्याहून मोठा आहे. कन्नडमध्ये बुत्ती म्हणजे शेतावर किंवा गावाला जाताना बांधून घेतलेलं जेवण, म्हणजे आपली शिदोरी. आठवडी बाजाराला, इकडच्या भाषेत संतेला, येणारा शेतकरी ती घेऊनच घरातून निघायचा. त्या गाठोड्यात काय असायचं आणि तेच का असायचं, एवढंच इथं मांडतो.

आधी जागा समजून घेऊ. धारवाडच्या पूर्वेला काळी जमीन, ज्वारीचा मुलूख. पश्चिमेला हल्याळ-खानापूरकडं पाऊस जास्त, म्हणून भातशेती, त्यापुढं जंगल. अळणावर या दोहोंच्या सांध्यावर आहे. १८७६-७८ च्या दुष्काळानंतर, १८८२ साली सदर्न मराठा रेल्वे कंपनी निघाली. तिचा हुबळी-लोंढा मार्ग अळणावरातून गेला आणि पुढं गोव्यातल्या मार्मागोवा बंदराशी जोडला गेला. दांडेलीच्या जंगलातलं लाकूड आणायला इथूनच फाटा फुटला. म्हणजे ज्वारी, तांदूळ आणि लाकूड अशा तिन्ही मुलखांची माणसं या गावात एकमेकांना भेटायची. बुत्तीतही भाकरी आणि भात शेजारी-शेजारी असायचे, त्याचं कारण हेच.

आता पदार्थ. मी पेशानं इंजिनिअर, त्यामुळं मला ‘हे टिकतं कसं?’ हा प्रश्न आधी पडतो. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिवटपणा नाही. म्हणून आधणाचं पाणी घालतात. त्यात पिठातला स्टार्च फुगतो, चिकट होतो आणि भाकरी थापता येते. तीच पातळ थापून, भाजून, पूर्ण वाळवली की कडक रोट्टी होते. ओल राहिली नाही की बुरशी धरत नाही, त्यामुळं ती कित्येक दिवस टिकते. सोबत शेंगदाण्याची नाहीतर कारळ्याची कोरडी चटणी, आणि एण्णेगाई, म्हणजे तेलातलं भरलं वांगं. मिरची आणि शेंगदाणा दोन्ही मूळचे अमेरिका खंडातले. आज त्यांच्याशिवाय आमचं घरगुती जेवण ओळखूच येणार नाही.

दहीभाताची युक्ती त्याहून हुशारीची. पहाटे मऊ भातात दूध जास्त आणि दही चमचाभरच घालायचं. बाजारात पोचून दुपार होईपर्यंत दुधाचं दही होतं, भात आंबट होत नाही, आणि तयार झालेल्या आम्लामुळं नासतही नाही.

माझी आज्जी संतेत भाजी विकायला बसायची. सुट्टी असली की मीही बरोबर. दुपारी गिऱ्हाईक ओसरलं की ती फडकं सोडायची आणि म्हणायची, “ये बाळ, चार घास खाऊन घे.” माझं लक्ष समोरच्या गाड्यावरच्या गिरमिट आणि मिरची-भज्यांकडं. तिचा हिशोब वेगळा होता. भाजीचे पैसे आले की त्यातून मीठ, तेल, चहापूड न्यायची. बाजारात खाल्लं तर तेवढा घरचा बाजार कमी. बुत्ती ही चवीइतकीच पैशाचीही गोष्ट होती.

शेजारी बसणारी बाई कन्नड बोलायची. ती भाकरीला रोट्टी म्हणायची, पण आज्जीला आज्जीच म्हणायची. तो शब्द दोन्ही भाषांत चालतो. दोघींची चटणी एकमेकींच्या भाकरीवर जायची. भात मात्र कधी गेला नाही. कोरडं चालतं, ओलं चालत नाही, ही जातीची रेघ बाजाराच्या गर्दीतही पुसली जात नव्हती. संतेतल्या जेवणाच्या गोड आठवणी सांगताना हेही सांगायला पाहिजे, नाहीतर तो इतिहास अर्धाच राहील.

आज कडक रोट्टी पाकिटात मिळते. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झालं आणि ज्वारीला शहरातही मान आला. पदार्थ टिकतील असं वाटतं. पण कोण कुणाच्या शेजारी बसायचं, काय वाटून खायचं आणि काय नाही, हे कुठल्याच पाकिटावर छापलेलं नसतं. ते आज्जी-आज्जांच्याच डोक्यात आहे. तेव्हा वाचकांना एक विनंती: घरात ऐंशीच्या पुढचं कुणी असेल तर या आठवड्यात त्यांच्याबरोबर जेवायला बसा, ‘संतेला जाताना बुत्तीत काय असायचं, आणि ती कुणाबरोबर खायचात?’ एवढं विचारा, आणि सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवा.