ई-मेलची ‘लेखनसीमा’

तमिळनाडूतील कुंभकोणमनजीकचे स्वामीमलै हे गाव मुरुगन मंदिराप्रमाणेच पंचलोहाच्या मूर्तींसाठी विख्यात आहे. येथील स्थपती मेणाच्या नमुन्यावर कावेरीकाठची माती लिंपतात, मेण वितळवून काढतात व त्या पोकळीत धातूचा रस ओततात. या मूर्ती परदेशी जातात. मागणी, बिल व खाते क्रमांक यांचा प्रवास मात्र ई-मेलने होतो. समजा, ‘आमचा खाते क्रमांक बदलला आहे’ असा संदेश परदेशी खरेदीदारास मूर्तिकाराच्याच पत्त्यावरून आला आणि तो मूर्तिकाराने पाठविलेलाच नसेल, तर? कित्येक महिन्यांच्या श्रमांचे मोल परक्या खात्यात जमा होईल.

अशा फसवणुकीसाठी पासवर्ड चोरीला जावाच लागतो असे नाही. ई-मेलची ने-आण करणारा संगणक, म्हणजेच मेल सर्व्हर, सदोष रचनेचा संदेश स्वीकारत असेल, तरीही ती शक्य होते.

संदेश कोठे संपतो?

हा परिसर ज्या तंजावर राज्यात मोडत असे, तेथे सतराव्या शतकात भोसले घराण्याची सत्ता आली. जुन्या मराठी पत्रव्यवहारात अखेरीस ‘लेखनसीमा’ लिहून मोर्तब करण्याची प्रथा होती. त्यापुढे कोणी मजकूर वाढविल्यास तो ध्यानात येई. ई-मेललाही अशी सीमा असते : केवळ एक टिंब असलेली स्वतंत्र ओळ. जॉन पोस्टेल यांच्या ऑगस्ट १९८२ च्या ‘एसएमटीपी’ नियमावलीपासून ही पद्धत रूढ आहे. ओळ संपविण्यासाठी दोन अदृश्य चिन्हे जोडीने यावीत, असा नियम आहे. परंतु काही सर्व्हर एकाच चिन्हावर समाधान मानीत.

या ढिलाईचा गैरफायदा कसा घेता येतो, हे ‘एसईसी कन्सल्ट’ या संस्थेने डिसेंबर २०२३ मध्ये उघड केले. सदोष टिंबाची ओळ पाठविणाऱ्या सर्व्हरला मजकुराचाच भाग वाटते. स्वीकारणारा सर्व्हर मात्र तेथे संदेश संपला असे मानतो. पुढील मजकूर त्याला दुसरे, स्वतंत्र पत्र वाटते. त्यावर प्रेषक म्हणून त्याच सेवेतील अन्य कोणाचे नाव घालता येते. पत्र अधिकृत सर्व्हरमार्फत आल्याने ‘एसपीएफ’ ही प्रेषक-तपासणीही त्याला अडवीत नाही.

उपाय

स्वतः काटेकोर लिहावे व दुसऱ्याचे उदारपणे स्वीकारावे, हा इंटरनेटचा जुना संकेत होता. आज ते औदार्य परवडणारे नाही. खाडाखोड असलेल्या धनादेशावर बँक अंदाजाने रक्कम देत नाही. तद्वत सर्व्हरनेही नियमबाह्य संदेश दुरुस्त करीत न बसता नाकारावा. पोस्टफिक्स, एक्झिम व सेंडमेल या प्रणालींच्या सुधारित आवृत्त्यांत तशी सोय करण्यात आली आहे.

व्यावसायिक ग्राहकांनी पुढील दक्षता घ्यावी :

१. आपला मेल सर्व्हर अद्ययावत आहे काय व तो सदोष ओळी नाकारतो काय, हे सेवा पुरवठादारास विचारावे.

२. ‘एसपीएफ’सोबत ‘डीकेआयएम’ ही डिजिटल स्वाक्षरीही कार्यान्वित करून घ्यावी.

३. खाते क्रमांक केवळ ई-मेलवरून बदलला जाणार नाही, असे खरेदीदाराशी आधीच ठरवावे. बदलाची खातरजमा पूर्वीपासून ठाऊक असलेल्या दूरध्वनी क्रमांकावरच व्हावी. संदेशात दिलेल्या क्रमांकावर नव्हे.

फसवणूक झाल्यास विनाविलंब आपल्या बँकेस कळवावे व १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तक्रार नोंदवावी. रक्कम पुढील खात्यात वळविली जाण्यापूर्वी तक्रार पोहोचली, तरच ती रोखून धरण्याची शक्यता अधिक असते.