न परतलेली विमाने

‘शेकडा दोन’, ‘शेकडा पाच’ असे आकडे विद्यार्थ्यांना नवे नाहीत. व्याजाचे दर, नफातोटा, परीक्षेचा निकाल अशा अनेक ठिकाणी ते भेटतात. आणि शंभरांतून पाच गेले, पंचाण्णव राहिले, एवढे म्हणून आपण पुढच्या उदाहरणाकडे वळतो. परंतु असा लहानसा आकडा पुनःपुन्हा त्याच माणसांच्या वाट्याला येऊ लागला, म्हणजे त्याचे रूप किती पालटते, हे समजण्यास दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिश बाँबफेकी विमानांच्या हानीइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल. तो हिशेब वाचकांपुढे थोडक्यात मांडण्याचे आम्ही येथे योजिले आहे.

ब्रिटनच्या शाही हवाई दलाची ‘बाँबर कमांड’ ही शाखा १९३६ साली स्थापन झाली. शत्रूच्या प्रदेशात दूरवर जाऊन बाँबफेक करणे हे तिचे काम. युद्धाच्या आरंभी अशी समजूत होती, की बाँबफेकी विमाने एकमेकांना लागून दाट रांगेत उडाली, तर आपल्याच मशीनगनांच्या बळावर दिवसाढवळ्याही स्वतःचे रक्षण करू शकतील. १८ डिसेंबर १९३९ या दिवशी ही समजूत पार धुळीस मिळाली. जर्मनीच्या उत्तर किनाऱ्यावरील विल्हेल्म्सहाफेन बंदराकडे गेलेल्या २२ वेलिंग्टन विमानांपैकी १२ विमाने गमवावी लागली. तेव्हापासून बाँबर कमांडने मुख्यतः रात्रीच्या काळोखाचा आश्रय घेतला.

काळोखाने विमानांना झाकले खरे, पण लक्ष्यही झाकले. ऑगस्ट १९४१ मध्ये छायाचित्रांवरून जी सरकारी तपासणी झाली, तीत असे दिसून आले, की ज्या विमानांनी लक्ष्यावर हल्ला केल्याचे सांगितले होते, त्यांपैकी केवळ एकतृतीयांश विमाने लक्ष्याच्या पाच मैलांच्या आत पोहोचली होती. म्हणजे माणसे प्राण पणाला लावून जात होती आणि बाँब बहुधा शेतांत नि रानांत पडत होते. पुढे बिनतारी लहरींनी मार्ग दाखवणारी साधने आली, ‘लँकॅस्टर’सारखी चार इंजिनांची मोठी विमाने आली, आणि फेब्रुवारी १९४२ मध्ये सर आर्थर हॅरिस हे बाँबर कमांडचे प्रमुख झाले. आता एकेका कारखान्याऐवजी सबंध शहरेच लक्ष्य ठरू लागली. ३० मे १९४२ च्या रात्री कोलोन शहरावर १,०४७ विमाने धाडण्यात आली. त्यांपैकी ४१ परत आली नाहीत. शेकडा चाराहून किंचित कमी अशी ही हानी सेनापतींच्या दृष्टीने सोसण्याजोगी होती.

या ४१ विमानांत माणसे किती, याची कल्पना येण्यासाठी एका लँकॅस्टर विमानाच्या आत डोकावून पाहू. त्यात सात जण असत: विमानचालक, यंत्रज्ञ, मार्ग आखणारा नॅव्हिगेटर, बाँब टाकणारा, बिनतारी यंत्र सांभाळणारा, पाठीवरील काचेच्या घुमटात बसणारा गोलंदाज आणि शेपटीच्या टोकाशी एकटाच बसणारा दुसरा गोलंदाज. वीस हजार फुटांच्या आसपास उंची, हाडे गोठवणारी थंडी, श्वासासाठी प्राणवायूची नळी आणि सहा, सात, आठ तासांचा प्रवास. चालक एकच, त्याला गोळी लागली तर विमान सांभाळण्यास दुसरा शिकलेला चालक नसे. या सातांचे सरासरी वय बाविशीच्या घरात होते. शाळा सोडून ज्यांना चार-पाच वर्षेही झाली नव्हती, असे अनेक तरुण त्यांत होते. हे सारे स्वेच्छेने विमानात चढलेले होते, ही गोष्टही ध्यानात ठेवण्यासारखी आहे. इंग्लंडप्रमाणेच कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, पोलंड अशा देशांतून ते आलेले होते. एकट्या कॅनडाचेच सुमारे दहा हजार तरुण यांत कामी आले.

आता हिशेबाकडे वळू. बाँबर कमांडमध्ये एका पाळीला सामान्यतः तीस मोहिमा पुऱ्या कराव्या लागत. मग काही महिने शिकवण्याच्या कामावर विश्रांती मिळे. समजा, प्रत्येक मोहिमेत शेकडा ५ विमाने नष्ट होतात. वरवर पाहता वाटते, की पंचाण्णव विमाने सुखरूप आहेत. परंतु दुसऱ्या रात्री त्या पंचाण्णवांतून पुन्हा शेकडा ५ जातात, तिसऱ्या रात्री उरलेल्यांतून पुन्हा तितकीच. चक्रवाढ व्याजाने मुद्दल वाढत जाते, तसे येथे ते उलट्या दिशेने झिजत जाते. शंभर विमानांपासून आरंभ केला, तर दहा मोहिमांनंतर सुमारे ६० उरतात, वीस मोहिमांनंतर ३६, आणि तीस पुऱ्या होईतो केवळ २१. चौदाव्या मोहिमेनंतरच निम्म्याहून कमी शिल्लक राहतात. ‘शेकडा पाच’ या शब्दांचा विमानातील माणसाच्या दृष्टीने खरा अर्थ असा, की पाळी संपवून जिवंत घरी जाणारा पाचांत जेमतेम एक!

कोणी म्हणेल, की शेकडा ५ हा आकडा फार वाईट दिवसांचा आहे. तर मग सबंध युद्धाची सरासरी घेऊ. बाँबर कमांडच्या विमानांनी एकूण ३,६४,५१४ उड्डाणे केली आणि त्यांत ८,३२५ विमाने गमावली. भागाकार केल्यास शेकडा २.२८ एवढीच हानी दिसते. पण याच दराने तीस वेळा वजाबाकी करून पाहावी. शंभरांतून बरोबर पन्नास विमाने उरतात. विद्यार्थ्यांनी हे उदाहरण स्वतः सोडवून पाहावे, अशी आमची शिफारस आहे.

प्रत्यक्षात माणसांची मोजदाद काय सांगते? बाँबर कमांडच्या विमानांत काम केलेले सुमारे सव्वा लाख. त्यांपैकी ५५,५७३ मृत्युमुखी पडले, म्हणजे शेकडा ४४. याखेरीज सुमारे ८,४०० जखमी झाले आणि ९,८०० हून अधिक शत्रूच्या हाती सापडून कैदेत गेले. मृतांपैकी आठ हजारांहून अधिक जण तर शत्रूपर्यंत पोहोचलेच नाहीत. शिकताना किंवा मायदेशीच्या आकाशात झालेल्या अपघातांत ते गेले. सव्वा लाखांच्या या संख्येत युद्ध संपत आले असता दाखल झालेलेही मोजलेले आहेत. १९४३ साली आलेल्यांचे नशीब त्याहून पुष्कळच खडतर होते.

ही विमाने पडत कशी? जर्मनांनी किनाऱ्यापासून आत रडारयंत्रांची साखळी उभारली होती. जमिनीवरील रडार बाँबफेकी विमान हेरी आणि रात्रीच्या लढाऊ विमानाला त्याच्या मागावर धाडी. कोलोनच्या वेळी ब्रिटिशांनी सर्व विमाने एकाच अरुंद मार्गाने ओघासारखी नेऊन ही साखळी गोंधळवून टाकली. जुलै १९४३ मध्ये हँबुर्गवर त्यांनी चंदेरी कागदाच्या असंख्य पट्ट्या आकाशात उधळल्या, तेव्हा रडारच्या पडद्यावर खऱ्याखोट्याचा मेळ लागेना. पहिल्या रात्री गेलेल्या ७९१ विमानांपैकी केवळ १२ पडली. परंतु प्रत्येक उपायावर काही दिवसांत उतारा निघे. शत्रू मागून आल्याची सूचना देणारे ‘मोनिका’ नावाचे छोटे रडार ब्रिटिश विमानांच्या शेपटीत बसवण्यात आले. जर्मनांनी त्याच्याच लहरींचा माग काढणारे यंत्र बनवले. जुलै १९४४ मध्ये एक जर्मन विमान वाट चुकून इंग्लंडात उतरले, तेव्हा कोठे हा प्रकार उघडकीस आला. जो पहारेकरी म्हणून ठेवला, तोच चोराला वाट दाखवीत होता!

याहून भयंकर होत्या त्या जर्मन लढाऊ विमानांत वरच्या दिशेने तिरप्या बसवलेल्या तोफा. लँकॅस्टरच्या पोटाखाली पाहणारे कोणी नसे. शत्रू तेथे अलगद येई आणि विमान पेट घेई. पुष्कळांना आपल्यावर कोणी गोळ्या झाडल्या हे कळतही नसे. शेजारून उडणाऱ्यांना आकाशात एकाएकी मोठा स्फोट दिसे. असे सांगितले जाई, की हे विमान नव्हेच. आपल्याला भिवविण्यासाठी जर्मनांनी उडवलेले ते ‘बुजगावणे’ आहे. असे बुजगावण्याचे गोळे प्रत्यक्षात नव्हते. ते स्फोट म्हणजे आपल्याच सोबत्यांची विमाने होती.

३० मार्च १९४४ च्या रात्री न्यूरेंबर्गवर ७९५ विमाने गेली. चांदणे होते, आकाश निरभ्र होते, मार्ग फार लांबवर सरळ आखलेला होता. त्या एका रात्रीत ९५ विमाने पडली आणि पाचशेहून अधिक माणसे गेली. बाँबर कमांडच्या इतिहासातील ती सर्वांत मोठी हानी होय.

विमानांवर काम करणाऱ्यांना एक दिलासा दिला जाई: पहिल्या काही मोहिमा निभावल्या, की अनुभव येतो आणि मग धोका कमी होतो. फ्रीमन डायसन नावाचा गणिती १९४३ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, बाँबर कमांडच्या संशोधन विभागात रुजू झाला. त्याने आकडे तपासले. १९४२ मध्ये अनुभवाचा उपयोग होत होता; १९४४ मध्ये तो उरला नव्हता. पंचविसावी मोहीम पहिलीइतकीच धोक्याची होती. कारण न दिसणाऱ्या शत्रूपुढे अनुभव काय करणार? त्याच विभागाने आणखी एक गोष्ट दाखवून दिली. पाडलेल्या ‘हॅलिफॅक्स’ विमानातून शंभरांपैकी सुमारे २५ जण हवाई छत्रीने वाचत. लँकॅस्टरमधून केवळ १५. याचे एक प्रमुख कारण म्हणजे लँकॅस्टरमधून उडी घेण्याचे दार दोन इंचांनी अरुंद होते! जाड कपडे नि छत्री अंगावर चढवलेला माणूस अंधारात, कोसळत्या विमानात, त्यातून बाहेर पडणार कसा? दार रुंद करावे म्हणून विभागातील मंडळींनी खटपट केली. पण सुधारणा व्हावयास इतका काळ गेला, की बहुतेकांना तिचा उपयोग झालाच नाही.

येथे आमच्या मते या विषयाचे मर्म आहे. सेनापतीच्या दृष्टीने कारखान्यातून नवे विमान येते, शाळेतून नवा चालक येतो, आणि दळ कायम राहते. म्हणून शेकडा पाच ही हानी त्याला सोसवते. परंतु विमानातील माणसाला प्राण एकच. तोच आकडा वरून पाहिला तर लहान, आतून पाहिला तर मरणप्राय. आणि आकड्याचा हा आतला अर्थ ज्यांना उमगला नि ज्यांनी चढण्यास नकार दिला, त्यांच्या कागदपत्रांवर ‘नैतिक बळाचा अभाव’ असा शेरा मारून त्यांची मानहानी करण्यात येई.

खाली जमिनीवरही हिशेब चाललाच होता, तो विसरणे अन्यायाचे होईल. जुलै १९४३ च्या त्या हल्ल्यांत हँबुर्ग शहरात अग्निप्रलय होऊन तीस हजारांहून अधिक माणसे मेली. त्यांत स्त्रिया, मुले, म्हातारेकोतारे होते. शहरांवरील ही बाँबफेक न्याय्य होती काय, याचा वाद आजही चालू आहे, आणि त्यामुळेच या तरुणांचे स्मारक होण्यास फार विलंब लागला. ज्यांचा ठावठिकाणाच लागला नाही, अशा वीस हजारांहून अधिक वायुसैनिकांची नावे लंडनजवळ रनीमीड येथे १९५३ पासून कोरलेली आहेत, आणि त्यांत बाँबर कमांडचे पुष्कळ जण आहेत. परंतु बाँबर कमांडचे लंडनमधील स्वतंत्र स्मारक मात्र २०१२ मध्ये उभे राहिले. त्या दलातील मृतांचे स्मरण करताना तेथे बाँबफेकीत बळी पडलेल्या सर्व राष्ट्रांच्या लोकांचेही स्मरण केलेले आहे, हे योग्यच झाले.

विद्यार्थिमित्रहो, पुढील आयुष्यात अनेक शेकडेवाऱ्या तुमच्यासमोर येतील: रोगांच्या, अपघातांच्या, पुरांच्या, युद्धांच्या. ‘केवळ शेकडा दोन’ असे कोणी म्हटले, तर तीन प्रश्न अवश्य विचारा. हा धोका एकदाच आहे, की पुनःपुन्हा? तो सर्वांवर विभागलेला आहे, की त्याच त्या माणसांवर येऊन पडतो? आणि ‘एवढे चालेल’ असे म्हणणारा स्वतः विमानात बसलेला आहे, की जमिनीवर उभा आहे? गणित शिकण्याचे पुष्कळ उपयोग आहेत. त्यांत हाही एक आम्ही महत्त्वाचा मानतो.