पणजीचें जुनें ग्रंथालय

पणजीच्या आझाद मैदानाच्या पश्चिमेस एक लांबलचक इमारत उभी आहे. मूळची ती पोर्तुगीज पलटणीची बराक. आज तिच्या एका अंगास पोलिसांचें मुख्यालय आहे, तर दुसऱ्या अंगास इन्स्टिट्यूट मिनेझिस ब्रागांझा ही संस्था. पणजीचें सार्वजनिक ग्रंथालयहि दीर्घकाळ येथेंच नांदलें.

ग्रंथालयाचा जन्म 1832 सालचा. गव्हर्नर दों मानुएल द पोर्तुगाल इ काश्त्रु यांच्या कारकीर्दींत, लष्करी विद्यालयाच्या आश्रयानें तें निघालें. तीनएक वर्षांतच गोव्यांतील धर्मसंघांचे मठ बंद झाले आणि तेथील ग्रंथ या संग्रहांत आले. शिपायांसाठीं थाटलेल्या संसारांत संन्याशांचीं पुस्तकें यावीं, हा योग मौजेचाच! 1925 सालीं तें 'इन्स्टिट्यूट वास्को द गामा' या 1871 सालच्या विद्वत्संस्थेस जोडण्यांत आलें.

इमारतीचें वैभव तिच्या प्रवेशदालनांत आहे. तेथील भिंतींवर, चिनी मातीच्या चकचकीत फरशांतून, कामोंइश या कवीच्या महाकाव्यांतील प्रसंग चितारलेले आहेत. काम जॉर्ज कोलासु या पोर्तुगीज चित्रकाराचें, साल 1935. पोर्तो शहराच्या सांव बेंतु स्टेशनांतील विख्यात भित्तिचित्रेंहि त्याचींच. काव्याचा विषय अर्थातच वास्को द गामाची हिंदुस्थानची सफर.

1961 मध्यें गोवा मुक्त झाला. 1963 मध्यें संस्थेचें नांव पालटलें. लुईश द मिनेझिस ब्रागांझा हे निर्भीड पत्रकार. 1930 सालीं त्यांनीं कौन्सिलांत गोमंतकीयांच्या स्वयंनिर्णयाच्या हक्काचा ठराव मांडला होता. तेव्हां पाटीवर नांव साम्राज्याशीं झगडणाऱ्याचें, आणि दारांत चित्रें साम्राज्याच्या गौरवाचीं! त्या फरशा उखडणें कांहीं अवघड नव्हतें. त्या राखल्या गेल्या, यांत गोमंतकीयांचें शहाणपण दिसतें.

एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकांत ग्रंथालय पाटो येथील संस्कृति भवनांत गेलें. 1526 सालीं मराठींत श्रीकृष्णचरित्रकथा रचावयास घेणाऱ्या कृष्णदास शामा यांचें नांव आतां तें मिरवीत आहे. ग्रंथांस ऐसपैस जागा मिळाली, हें उत्तमच झालें. जुन्या वास्तूंत व्याख्यानें व चित्रप्रदर्शनें होतात, त्यामुळें ती ओस पडली नाहीं. एक गोष्ट मात्र उणावली. वर्तमानपत्र वाचावयास रोज येणारा कारकून किंवा विद्यार्थी त्या चित्रांवरून सहज नजर टाकून जाई. आतां त्यांसाठीं मुद्दाम वांकडी वाट करावी लागते. पणजीस जाणाऱ्यानें एखाद्या व्याख्यानाचें निमित्त साधून थोडें आधींच पोंचावें, आणि उजेड असेतों त्या फरशा पाहून घ्याव्या.